आमच्यात असे नसते

दरवर्षी सप्टेंबरात, मुले शाळेत परतण्याच्या आदल्या दिवशी, आम्हा सगळ्या कर्मचाऱ्यांना सभागृहात बसवून मुलांच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण दिले जाते. मी दक्षिण लंडनमधल्या एका शाळेत गणिताच्या वर्गावर साहाय्यक म्हणून काम करते, आणि इतक्या वर्षांत या दिवसाचे सगळेच मला पाठ झाले आहे: सुटीत पॉलिश केलेल्या लाकडी जमिनीचा वास, ओढल्या की किंचाळणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, पिंपातल्या उकळत्या पाण्याचा फिका चहा आणि पडद्यावर एकामागून एक सरकणारी तीच ती वाक्ये. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी पडद्यावर शब्द उमटले: ‘तथाकथित इभ्रतीच्या नावाखाली होणारा छळ’. शिकवायला आलेल्या बाई साठीच्या पुढच्या होत्या, गळ्यात जांभळा रुमाल, आवाज मऊ. निवृत्त समाजकार्यकर्त्या. तरुणपणी ग्रीनहॅम कॉमनच्या अण्वस्त्रतळाबाहेर तंबू ठोकून बसलेल्या बायकांत आपणही होतो, हे त्यांनी चहाच्या वेळी हसत सांगितले होते आणि मला त्या मनापासून आवडल्या होत्या. हा कोणत्याही एका समाजाचा प्रश्न नाही, असे त्या पाव तासात तीनदा म्हणाल्या. तिन्ही वेळा त्यांची नजर आमच्या रांगेवरून फिरून गेली, जिथे मी आणि माझी एक सहकारी शेजारी शेजारी बसलो होतो. तिचे आजोबा मंगला धरणात गाव बुडाल्यावर मीरपूरहून इंग्लंडात आलेले. ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे आणि पहिल्या आठवड्यापासून मला ‘बाजी’, म्हणजे ताई, म्हणत आली होती.

शेवटी बाईंनी फार अदबीने, जणू माझी परवानगी मागत, मला विचारले की माझ्या अनुभवातून मला काही सांगावेसे वाटते का. साठ माना माझ्याकडे वळल्या. मी क्षणाचाही विचार न करता, अगदी स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, की आमच्यात असे नसते, आम्ही हिंदू आहोत, महाराष्ट्रातल्या. बाईंनी मान डोलावली. मग त्यांची नजर माझ्यावरून उठली आणि हातभर डावीकडे, माझ्या शेजारणीवर जाऊन थांबली. ती वहीच्या कोपऱ्यात चौकोन काढत होती. सुटीत मुलीला लग्नासाठी परदेशी नेत असतील तर तिने अंतर्वस्त्रात चमचा लपवावा, म्हणजे विमानतळावरचे यंत्र वाजते आणि तिला घरच्यांपासून वेगळे घेऊन तपासताना तिला बोलता येते, ही युक्ती बाई त्यानंतर सांगत होत्या. मला त्यातले काहीच धड ऐकू आले नाही. बाहेर पडताना मार्गिकेत माझी सहकारी म्हणाली, “छान बोललात, मिस.” मिस म्हणजे आमच्या शाळेत विद्यार्थी शिक्षिकांना म्हणतात ते.

मी नेवासे तालुक्यातली आहे.

एवढे सांगितले की मराठी वाचकाला पुढचे सांगावे लागू नये. जानेवारी २०१३ मध्ये सोनईला जे घडले तेव्हा मी लंडनमध्येच होते आणि बातमी मला दोन दिवस उशिरा, फोनच्या पडद्यावर कळली. सफाईकाम करणाऱ्या समाजातले तीन तरुण. त्यांच्यापैकी एकाचे वरच्या जातीतल्या मुलीवर प्रेम. एकाचा मृतदेह शौचालयाच्या टाकीत सापडला, बाकी दोघांचे कोरड्या विहिरीत. पाच वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. तो रस्ता मला डोळे मिटूनही दिसतो. जानेवारीत ऊसतोड ऐन भरात असते, ट्रॅक्टरच्या मागून सांडत गेलेले उसाचे वाढे एसटीच्या चाकाखाली चिरडत असते आणि कारखान्याच्या मळीचा आंबूस वास अंगावरच्या स्वेटरमध्ये शिरून बसतो. त्या आठवड्यात मी आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली होती की आपल्या इकडचे नाव उगाच खराब झाले, पेपरवाल्यांना काय, वाढवून लिहितात. मी तिच्यावर चिडले होते. तिच्या त्या वाक्यात आणि सभागृहातल्या माझ्या वाक्यात काय फरक होता, हे मी नंतर पुष्कळ दिवस शोधत राहिले. तिचे वाक्य निदान फोनवर, घरातल्या घरात होते.

मराठीत या गोष्टीसाठी शब्दांना तोटा नाही. इज्जत, अब्रू, इभ्रत हे तिन्ही फारसी-अरबीच्या वाटेने आपल्याकडे आले. नाक मात्र आपले स्वतःचेच, आणि कापले जाते तेही तेच. कुर्दी आणि तुर्की घरांत ज्याला नामूस म्हणतात तो पुरुषाकडे असतो खरा, पण ठेवलेला असतो बाईच्या देहात, म्हणजे आपल्याकडच्यासारखाच दुसऱ्याच्या अंगावर सांभाळायला दिलेला. सिंधमध्ये या हत्यांना कारो-कारी म्हणतात, काळा आणि काळी. हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा ‘तोंडाला काळे फासले’ हे आपले वाक्य मला इतक्या चटकन आठवले की मी वाचत होते ते पान बाजूला ठेवले. शब्दांची ही सोयरीक मला ठाऊक होती. तरीही मी म्हणाले, आमच्यात असे नसते.

मी शाळेला जाते ती ट्राम मिचमवरून जाते. कधीकाळी हे गाव लव्हेंडरच्या शेतांसाठी प्रसिद्ध होते. आता विटांची सारख्या तोंडवळ्याची घरे आणि त्यांच्या पुढ्यातल्या कचऱ्याच्या चाकांच्या पेट्या. याच मिचममध्ये बनाझ महमूद राहत होती. इराकी कुर्द कुटुंबातली मुलगी, वय वीस. सतराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नात मार खाऊन माहेरी परतलेली आणि मग आपल्या पसंतीच्या मुलावर प्रेम करू लागलेली. डिसेंबर २००५ मध्ये काकाच्या घरी बैठक बसली आणि दोघांना संपवायचे ठरले. बनाझला ते कळले. ती पोलिसांकडे गेली, एकदा नव्हे, अनेकदा गेली, आणि आपल्याला कोण कोण मारणार आहे त्यांची नावे तिने लिहून दिली. वर्षाच्या अखेरच्या रात्री बापाने तिला बळे ब्रँडी पाजली. काय होणार ते ओळखून ती काच फोडून रक्ताळलेल्या हातांनी पळाली. तिचे म्हणणे नोंदवायला आलेल्या महिला पोलिसाला ती नाटकी वाटली. फुटलेल्या खिडकीच्या नुकसानीबद्दल तिच्यावरच गुन्हा नोंदवावा का, असा विचार त्या अधिकारी बाईंनी केला. २४ जानेवारी २००६ रोजी बनाझला मारले. तीन महिन्यांनी बर्मिंगहॅममधल्या एका घराच्या परसात पुरलेल्या सुटकेसमध्ये ती सापडली. कॅरोलाइन गूड या तपास अधिकारी बाईंनी मग हे प्रकरण असे धरून ठेवले की बाप आणि काका तर तुरुंगात गेलेच, पण इराकमध्ये पळालेल्या दोघांनाही परत आणून २०१० मध्ये शिक्षा झाली. साक्षीला उभी राहिली ती सख्खी बहीण. पोलिसांनीच आधी कधीतरी केलेले एक चित्रीकरण आहे, ज्यात बनाझ शांतपणे सगळे सांगून झाल्यावर विचारते, की आता मी सांगितले, तर तुम्ही माझ्यासाठी काय कराल. मी ते एकदाच पाहिले. पुन्हा पाहू शकले नाही.

बनाझला नाटकी ठरवणाऱ्या त्या पोलीस बाईंना काय झाले होते? मला वाटते, त्यांच्या डोक्यात ‘असे आपल्याकडे नसते’ हेच वाक्य असावे, फक्त ते उलट्या बाजूने आलेले. लंडनमध्ये आईबाप मुलीला मारायला बैठक घेतात ही गोष्ट त्यांना इतकी परदेशी वाटली की ती खरी वाटलीच नाही.

पश्चिमेतल्या स्त्रीवादाने या हत्यांकडे पाहताना जे चाचपडणे केले त्याचा राग मला त्या प्रशिक्षणाच्या आधीही येत असे, आणि नंतर तो अधिक गुंतागुंतीचा झाला. स्वीडनची गोष्ट घ्या. फादिमे शाहिन्दाल ही तुर्कस्तानातल्या कुर्द कुटुंबातली मुलगी. तिने २० नोव्हेंबर २००१ रोजी स्वीडनच्या संसदेत उभे राहून स्वतःची कहाणी सांगितली, आणि सांगताना केवळ आपल्या माणसांना दोष दिला नाही, तर परक्या देशात गोंधळलेल्या आपल्या आईबापांना या समाजाने वेळीच आधार दिला असता तर वेगळे घडू शकले असते, असेही म्हणाली. दोन महिन्यांनी, २१ जानेवारी २००२ रोजी, आई आणि बहिणींना चोरून भेटायला गेली असता बापाने तिला गोळी घातली. त्याच महिन्यात तिथल्या डाव्या पक्षाच्या नेत्या गुद्रुन शूमान यांनी आपल्या अधिवेशनात भाषण केले होते, की तालिबानच्या अफगाणिस्तानात जी पुरुषसत्ता आहे तीच रचना इथे स्वीडनमध्येही आहे. तत्त्व म्हणून ते वाक्य खोडून काढणे मला जमणार नाही. पण उप्साला कॅथेड्रलमध्ये फादिमेच्या अंत्यविधीला जमलेल्या हजारोंमध्ये मी असते, तर ते मला ऐकवले नसते. सगळीकडे सारखेच आहे असे म्हटले की कुणाच्या दारावर थाप मारायची ते ठरतच नाही. नवरा दारू पिऊन मारतो तेव्हा बायको माहेरी पळू शकते. पण जिथे माहेरच बैठक घेते, भाऊ गाडी चालवतो, काका खड्डा खणतो आणि आई चहा करते, तिथे तिला मदतीच्या त्याच यादीतला पत्ता देऊन कसे चालेल?

याच्या उलट बोलणाऱ्याही होत्या. फिलिस चेस्लर या अमेरिकन स्त्रीवादी १९६१ मध्ये अफगाण नवऱ्याबरोबर काबूलला गेल्या आणि पारपत्र काढून घेतल्यावर सासरच्या घरात अडकून पडल्या; त्यांनी पुढे ठामपणे मांडले की इभ्रतीसाठी केलेली हत्या ही साध्या घरगुती हिंसेहून वेगळी आहे, ती ठरवून होते, अनेक जण मिळून करतात. यातला शब्दन् शब्द मला पटतो. पण हेच म्हणणे, मुसलमान शेजारी नकोच असलेल्यांच्या टेबलावरही हमखास सापडते आणि तिथे ते फादिमेसाठी ठेवलेले नसते. सुझन मोलर ओकिन या तत्त्वचिंतक बाईंनी १९९७ मध्ये प्रश्न विचारला की अल्पसंख्य समाजांना दिलेले सामूहिक हक्क त्या समाजातल्या स्त्रियांच्या मुळावर तर येत नाहीत ना. प्रश्न रास्त होता. मात्र ओघात त्या असेही लिहून गेल्या की अशी एखादी संस्कृती लयाला गेली तर तिच्यातल्या बायकांचे कदाचित बरेच होईल. संस्कृती लयाला जाते म्हणजे काय होते? माझ्या सहकारीच्या आजीने मीरपूरहून आणलेली, धरणाखाली गेलेल्या गावाची गाणी जातात, जेवणे जातात, आणि भावाचा हात उगारलेला राहतो तो राहतोच.

गोऱ्या बायकांच्या या कचरण्यामागे निव्वळ भित्रेपणा होता असे मी म्हणणार नाही. त्यांच्या मागे मोठे ओझे आहे. इजिप्तचा कारभार पाहणारे ब्रिटिश अधिकारी लॉर्ड क्रोमर तिथे बसून बुरख्यामुळे हा देश मागासलेला राहिला असे लिहीत असत, आणि इंग्लंडात परतल्यावर तेच गृहस्थ स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या पुरुषांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. १७ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी रेडिओवरून सांगितले की दहशतवादाविरुद्धची लढाई ही स्त्रियांच्या हक्कांसाठीचीही लढाई आहे, तेव्हा बॉम्ब पडायला लागून महिना उलटला होता. आणि १९७९ ची ती हीथ्रोची गोष्ट तर आपल्याच बायकांची आहे: लग्न करण्यासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती खरोखर अविवाहित आहे का हे ठरवण्यासाठी, ब्रिटिश सरकारच्या विमानतळावर कौमार्यचाचणी झाली. बाईची अब्रू तिच्या देहात असते हा सिद्धांत सरकारने स्वतःच्या हातमोज्यांनी तपासून पाहिला म्हणायचा. ज्या पिढीने त्याविरुद्ध निदर्शने केली तिला पुढे ‘त्यांच्या’ घरात डोकावण्याचा संकोच वाटला, तर ते मी समजू शकते.

हा संकोच त्यांना शिकवणाऱ्यांत आपल्या मुंबई-पुण्याच्या बायकाही होत्या, हा एक गमतीचा भाग. चंद्रा तळपदे मोहंती मुंबईत जन्मल्या. पाश्चात्त्य विदुषी आपल्या लेखनातून ‘तिसऱ्या जगातली स्त्री’ नावाची एकच एक, मुकी, पिचलेली बाहुली तयार करतात, असे त्यांनी १९८४ मध्ये लिहिले आणि जगभरच्या विद्यापीठांतून तो निबंध अभ्यासाला लागला. उमा नारायण यांचे शिक्षण मुंबई आणि पुणे विद्यापीठांत झाले. अमेरिकेत शिकवताना त्यांनी भारतातल्या हुंडाबळींचा आकडा आणि अमेरिकेत नवऱ्या-प्रियकरांकडून मारल्या जाणाऱ्या स्त्रियांचा आकडा शेजारी शेजारी ठेवून दाखवले की लोकसंख्येच्या मानाने दोन्ही जवळपास सारखेच आहेत, फरक इतकाच की अमेरिकन बाई नवऱ्याच्या हातून मरते आणि भारतीय बाई ‘संस्कृतीने’ मरते. हे वाचताना मी पेन्सिलीने समासात रेघ ओढली होती. सभागृहात बाईंनी मला विचारले तेव्हा खरे म्हणजे हेच उत्तर द्यायचे होते. माझ्याकडे ते तयार होते. त्याऐवजी माझ्या तोंडून जे निघाले त्यात मी स्वतःला संस्कृतीच्या खटल्यातून सोडवून घेतले आणि शेजारणीला आत ढकलले.

इस्लामी कायद्याबद्दल बोलताना तर दोन्हीकडची वाक्ये आधीच छापून ठेवल्यासारखी असतात. एक म्हणते, याचा धर्माशी काहीच संबंध नाही. दुसरे म्हणते, सगळे धर्मातच आहे. जुन्या फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, व्यभिचार सिद्ध करायला चार प्रत्यक्षदर्शी लागतात, आणि बाईवर आळ घेऊन तो सिद्ध न करणाऱ्याला ऐंशी फटके सांगितले आहेत. भावाने स्वयंपाकघरात न्याय करावा असे त्यात कुठे नाही. जॉर्डनच्या दंडसंहितेतल्या, इभ्रतीसाठी मारणाऱ्याला सवलत देणाऱ्या ज्या कलमाविरुद्ध राना हुसैनी यांच्यासारख्या पत्रकार लढल्या, त्याची मुळे धर्मग्रंथाइतकीच नेपोलियनच्या १८१० च्या दंडसंहितेत सापडतात. इटलीने इभ्रतीसाठी केलेल्या खुनाला असलेली सवलत रद्द केली ती १९८१ मध्ये. आणि पाकिस्तानी न्यायालये ज्या ‘गंभीर व आकस्मिक चिथावणी’च्या आधाराने भावांना सोडत आली ती मेकॉलेच्या दंडसंहितेतली, म्हणजे आपल्याही घरातली. नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले आणि गर्दीने जल्लोष केला, तेव्हा तिथे कुणाचा शरियत होता? पण एवढे सांगून थांबणे हीसुद्धा लबाडीच. पाकिस्तानात १९९० पासून किसास आणि दियतच्या, म्हणजे जिवाला जीव किंवा रक्ताची भरपाई अशा तरतुदी आल्या, ज्यांत खून हा राज्याविरुद्धच्या गुन्ह्याऐवजी वारसांविरुद्धचा गुन्हा झाला आणि वारसांना क्षमेचा अधिकार मिळाला. मारणारा भाऊ, क्षमा करणारा बाप, मेलेली मुलगी: तिन्ही एकाच शिधापत्रिकेवर. समाजमाध्यमांवर गाजलेल्या कंदील बलोचच्या हत्येनंतर, २०१६ मध्ये, ही पळवाट बुजवण्यासाठी कायदा झाला; तरीही तिच्या भावाला झालेली जन्मठेप २०२२ मध्ये उच्च न्यायालयात टिकली नाही आणि आईने क्षमा केल्यावर तो सुटला. इराणात मुलीला मारणाऱ्या बापाला किसासची शिक्षा होतच नाही. २०२० मध्ये चौदा वर्षांच्या रोमिना अशरफीला झोपेत मारणाऱ्या बापाला नऊ वर्षे झाली. हे धर्माच्या नावाने लिहिलेले कायदेच आहेत, आणि ते बदला म्हणणाऱ्या बायका त्याच देशांच्या तुरुंगांत आहेत.

लाहोरला वकील हिना जिलानी यांचे कार्यालय होते. ६ एप्रिल १९९९ रोजी तिथे सामिया सरवर बसली होती, मारणाऱ्या नवऱ्याची बायको, घटस्फोट मागायला पेशावरहून पळून आलेली. घरच्यांपैकी फक्त आईलाच भेटेन असे तिने सांगितले होते, म्हणून आईला आत येऊ दिले. आई डॉक्टर होती. चालताना आधार लागतो म्हणून तिने सोबत एक माणूस आणला होता, त्याने पिस्तूल काढले. त्यानंतर पेशावरच्या व्यापारी मंडळींनी आणि मौलवींनी शिक्षा मागितली ती हिना जिलानी आणि त्यांची बहीण अस्मा जहांगीर यांना. पाकिस्तानच्या सिनेटमध्ये निषेधाचा साधा ठराव आला तोही संमत होऊ दिला गेला नाही. या दोघी बहिणी त्यानंतरही त्याच शहरात वकिली करत राहिल्या. त्यांच्या स्त्रीवादाला पाश्चात्त्य म्हणून हिणवणारे पाकिस्तानात पुष्कळ होते, आणि अमेरिकेतल्या परिसंवादांत त्यांना ‘अस्सल आवाज’ म्हणून वरच्या खुर्चीत बसवणारेही पुष्कळ. सामियाच्या खुर्चीसमोर टेबलाच्या पलीकडे मात्र त्या दिवशी हिना जिलानीच होत्या. गोळी त्यांच्याही अगदी जवळून गेली.

आपल्याकडे १८ एप्रिल १९६६ ला सात बायका मुंबईत सचिवालयावर चालत गेल्या, तोंडी तलाकविरुद्ध. हमीद दलवाईंच्या त्या मोर्चाबद्दल मराठी वाचकाला मी नव्याने काय सांगणार? मला फक्त तो आकडा मोलाचा वाटतो, सात. लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये १९८९ च्या मे महिन्यात, रश्दी यांच्या कादंबरीविरुद्ध हजारो मुसलमान पुरुषांचा मोर्चा आला आणि दुसऱ्या बाजूला त्यांना देशाबाहेर घालवा म्हणणारे गोरे फॅसिस्ट उभे राहिले, तेव्हा मध्ये फलक धरून ज्या बायका उभ्या होत्या त्याही मूठभरच होत्या. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या लंडनमधल्या स्त्री संघटनेच्या पंजाबी, गुजराती, बंगाली बायका, त्यांच्याबरोबर इराणी, आयरिश, ज्यू. स्त्रियांची परंपरा लढण्याची आहे, शरण जाण्याची नाही, अशी त्यांची घोषणा होती. शिव्या दोन्हीकडून आल्या. त्यांच्यात गीता सहगल होत्या, म्हणजे रणजित सीताराम पंडितांची नात. त्यांच्या आईला, नयनतारा सहगल यांना, पुढे आपण यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे निमंत्रण देऊन काढून घेतले, हे जाता जाता आठवले म्हणून सांगितले.

कॅनडातली २००५ ची गोष्टही मला याच चौकातली वाटते. कौटुंबिक वाद धार्मिक लवादाकडे, त्यात इस्लामी लवादाकडेही, नेऊ द्यावेत अशी शिफारस ओंटारिओ सरकारला केली ती मॅरियन बॉइड यांनी, ज्यांचे आयुष्य मार खाणाऱ्या बायकांसाठी काम करण्यात गेले होते. त्यांना वाटले, चोरून चालते ते उजेडात आणून नियमांत बसवावे. त्यांच्या विरोधात रस्त्यावर आल्या त्या होमा अर्जोमंद यांच्यासारख्या, इराणातून जीव घेऊन पळालेल्या. कॅनडातल्या मुसलमान स्त्रियांची जुनी परिषदही त्यांच्या बाजूने. उजेडात काय येते आणि किती येते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. सप्टेंबरात प्रांताचे प्रमुख मॅकगिंटी यांनी सगळ्याच धर्मांचे लवाद बंद करण्याचे जाहीर केले. बॉइड बाईंचा अहवाल मी वाचायला घेतला तेव्हा मला सारखा आमच्या प्रशिक्षणातला मऊ आवाज ऐकू येत राहिला, आणि राग धरवेना.

माझ्या सहकारीने त्या सप्टेंबरनंतर मला बाजी म्हटले नाही. भांडण नव्हते, ती डब्यातले पराठे पूर्वीसारखीच पुढे करायची, मी चिवडा द्यायचे. मार्चमध्ये एका दुपारी, बाहेर गारा पडत असताना, शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघीच होतो आणि तिने आपणहून ब्रॅडफर्डच्या आतेबहिणीचे सांगितले. दहावीच्या सुटीत तिला मीरपूरला नेले ती तिकडेच राहिली. सप्टेंबरात हजेरी घेताना तिच्या नावापाशी शिक्षिका क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या, इतकेच तिच्या मैत्रिणींना आठवते. “चमचा कुणी सांगितला नव्हता तेव्हा,” ती म्हणाली आणि आम्ही दोघीही, हसू नये अशा गोष्टीवर, थोडेसे हसलो.

मग मी तिला सोनई सांगितले. हिंदी-इंग्रजीची सरमिसळ करत, थांबत थांबत, उसाच्या रस्त्यापासून नाशिकच्या निकालापर्यंत सगळे: तीन तरुण, त्यांचे काम, टाकी, सहा जणांची फाशी, आईचा फोन. जातीचे तिला समजावून द्यावे लागेल असे मला वाटले होते. तिने बिरादरी म्हणून एका शब्दात ते संपवले. सभागृहात मी खोटे बोलले, असेही मी म्हणाले, आणि ते म्हणायला मला वाटले होते तेवढे जड गेले नाही, कारण एव्हाना मी सांगण्याच्या भरात होते. ती पराठ्याचा तुकडा हातात धरून ऐकत होती. गारा थांबल्या होत्या, खिडकीच्या कठड्यावर त्यांचे पाणी होत होते.

“और उस लड़की का क्या हुआ, बाजी?” तिने विचारले.

मी मृतांची संख्या सांगितली होती, आरोपींची सांगितली होती, तारखा सांगितल्या होत्या. त्या मुलीबद्दल मी इतक्या वर्षांत कुणालाही काही विचारले नव्हते. ती कुठे असते, कुणाच्या घरात राहते, तिच्याशी कोण बोलते, यातले काही मला कधी जाणून घ्यावेसेच वाटले नव्हते. घंटा झाली आणि आम्ही आपापल्या वर्गांवर गेलो.

रविवारी आईला फोन केला. ख्यालीखुशाली झाली, थंडी झाली, कांद्याचा भाव झाला. मग मी विचारले. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही.

“कशाला गं तुला आता ते?” आई म्हणाली, आणि मी बोलायच्या आत, “कुकरची शिट्टी झाली बघ. ठेवते.”